शिकेकाई, उटणे आणि हळदीचा कागद

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याचा सुगंध दरवळत नाही, असे मराठी घर आपल्या वडोदऱ्यात क्वचितच आढळेल. गायकवाडांच्या राजवटीत जी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली, त्यांनी आपल्या सणवारांबरोबर ही चालही आणली व जपली. वर्षाचे उरलेले दिवस मात्र न्हाणीघरात साबणाचे व शाम्पूचेच राज्य असे. अलीकडे वारे फिरले आहे. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, मुलतानी माती ह्यांची पुन्हा विचारपूस होऊ लागली आहे, आणि आपल्या शाळेतील कित्येक मुलींनी बाजारच्या बाटल्या सोडून घरीच सर्व तयार करण्याचा संकल्प केला आहे.

दोन वर्षांपूर्वी वर्गात एकीने मला ह्याविषयी विचारले, तेव्हा मी सहज बोलून गेले, “घरची वस्तू आहे, तिच्याने काय अपाय होणार?” त्या वाक्याचा मला आज पश्चात्ताप होतो. तो का, हे सांगण्यापूर्वी ह्या वस्तू काम कशा करतात ते पाहू.

रिठा, म्हणजे आपल्या गुजराती शेजाऱ्यांचा अरीठा. त्याची बी काढून टाकून वरचा गर पाण्यात चुरला की भरपूर फेस येतो. ह्या गरात व शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. लॅटिन भाषेत साबणाला ‘सापो’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग शर्करेचा असून त्याला पाणी प्रिय असते, तर दुसऱ्या भागाला तेल प्रिय. तेलाचा भाग केसांवरील तेलकट मळात शिरतो, शर्करेचा भाग पाण्याला धरून राहतो, आणि मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. साबणाची युक्तीही हीच आहे. परंतु बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार असतात. त्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो व तो केसांवर बसतो. रिठ्याचा असा साका होत नाही. सोनार दागिने आणि आपल्या आज्या रेशमी लुगडी रिठ्यानेच धूत आल्या, त्या उगाच नव्हे.

दुसरा भेद सामूचा. शुद्ध पाण्याचा सामू 7. त्याहून कमी ते आम्लधर्मी, अधिक ते अल्कधर्मी. आपल्या त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे 5 असतो आणि साबणाच्या वडीचा 9 ते 10. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, हे ध्यानात घेतले तर चार अंकांचे अंतर दहा हजारपटींचे होते! अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्यावरील बारीक खवले उघडतात आणि केस राठ लागतो. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने हे घडत नाही. मात्र न्यायाने सांगायचे, तर आजचा शाम्पू म्हणजे साबण नव्हे. बहुतेक शाम्पूंचा सामू मुद्दाम कमी ठेवलेला असतो. (हा शब्दही मूळचा आपला, ‘चंपी’च्या कुळातला. पाटण्याकडील शेख दीन महंमद ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे मालिशाचे स्नानगृह काढून तो तिकडे गाजवला.) म्हणून शाम्पूला सरसकट विष म्हणणे मला पटत नाही.

सामूची परीक्षा घरी करता येते. हळद पाण्यात कालवून तीत टीपकागदाच्या पट्ट्या भिजवाव्या व सावलीत वाळवाव्या. एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकताच ती तांबडी होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलाच हा प्रकार. शिकेकाईच्या पाण्याने पट्टी पिवळीच राहते. धुण्याचा सोडा लावून पाहा, म्हणजे तो केसांना का लावू नये ते कळेल.

आता त्या पश्चात्तापाची गोष्ट. आमच्या दहावीतील एका विद्यार्थिनीच्या बहिणीचे लग्न वैशाखात होते. चेहरा ‘उजळावा’ म्हणून तिने कागदी लिंबाची फोड गालांवर व मानेवर चोळली आणि भर दुपारी सायकलवरून बाजारात गेली. दुसऱ्या दिवशी कातडी लाल झाली, मग फोड आले, आणि पुढे जे काळे डाग उमटले ते जायला कित्येक महिने लागले. लग्नातील एकाही छायाचित्रात ती समोर पाहत नाही. लिंबाच्या सालीत व रसात अशी काही द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन पडले, तर उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचा अक्षरशः भाजते. गोरेपणाचा हा हव्यास मुळातच सोडण्यासारखा आहे. पण त्या मुलीला दोष देण्याचा अधिकार मला नाही. “घरचीच वस्तू होती ना, बाई?” असे तिने विचारले तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते.

काही जण उटण्यात बावचीची पूड घालतात. तिच्यात त्याच जातीचे, पण फार प्रभावी असे सोरालेन असते. कोडावर बावचीचा उपयोग आयुर्वेदात पूर्वापार आहे आणि आधुनिक डॉक्टरही सोरालेन देऊन किरणांची मात्रा मोजून उपचार करतात. जिथे तज्ज्ञ मोजून देतात, तिथे आपण मुठीने टाकावे काय? उटणे विकत घेताना त्यात बावची आहे का, हे दुकानदारास अवश्य विचारावे. घरी करणाऱ्यांनी मसुराचे पीठ, वाळा, नागरमोथा आणि आंबेहळद एवढ्यावर भागवावे, आणि तेही आधी कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी.

शिकेकाईची कृती सोपी आहे. दोन भाग शिकेकाई व एक भाग रिठ्याचा गर रात्री भिजत घालावा, सकाळी उकळावा आणि फडक्याने गाळून घ्यावा. गाळणे टाळू नये. रिठ्याचा कण डोळ्यात गेल्यास फार झोंबतो, म्हणून लहान भावंडांना न्हाऊ घालताना डोळ्यांस जपावे. उरलेले पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कारण ते लवकर आंबते व त्यात बुरशी धरते. कोरडी पूड मात्र कित्येक महिने टिकते. न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावण्याची आजीची रीतही खरी ठरली आहे. धुताना केसांतील प्रथिनांचा जो नाश होतो तो ह्या तेलाने कमी होतो, सूर्यफुलाच्या वा खनिज तेलाने होत नाही, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात आढळले.

यंदाच्या विज्ञान-प्रदर्शनात त्याच मुलीने हळदीच्या पट्ट्यांचा तक्ता मांडला होता. साबणाची पट्टी तांबडी, सोड्याची त्याहून गडद, शिकेकाईची व ताकाची पिवळी. शेवटच्या पट्टीवर तिने लिंबू पिळले होते. तीही स्वच्छ पिवळी होती. खाली तिने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : “ह्या कागदाला ऊन कळत नाही.”