थंड पाण्यातलं पहिलं मिनिट

जानेवारीच्या पहाटे जुन्नर-आंबेगावच्या शिवारात विहिरींतून वाफा निघताना दिसतात. बाहेर हुडहुडी भरलेली असते, पण पोहऱ्यातलं पाणी हाताला कोमट लागतं. जमिनीखाली काही मीटरवर ऋतूंचा चढउतार फारसा पोहोचत नाही. तिथलं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ, म्हणजे साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकून राहतं. म्हणूनच कडाका वाढला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेला विहिरीचं पाणी देतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात.

कुकडी, मीना आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत थंडी जास्त बोचते, त्यालाही कारण आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि सह्याद्रीच्या उतारांवरून खाली ओघळत खोऱ्याच्या तळाशी साचते. गावठाणापेक्षा नदीकाठच्या मळ्यात अधिक गारठा जाणवतो तो यामुळे. याच जिल्ह्यातल्या पुणे शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता.

माणिकडोह किंवा डिंभे धरणाचं पाणी मात्र उघड्यावर असतं. लांबलेल्या हिवाळी रात्रींत ते वरून निवत जातं. ते गोठत नाही; पण मासेमारीचं जाळं सोडवायला किंवा उपशाच्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह काढायला बुडी मारणाऱ्याला या गारव्याची नीट ओळख हवी. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. त्यामुळे २० अंशांच्या हवेत आपण सहज वावरतो, पण तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात थोड्या वेळात कापरं भरतं.

पाण्यात पडल्यावर जीव गारठून जातो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात खरा धोका त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या मिनिटातच असतो. कातडी एकदम गार पडली की छातीत आपोआप जोराचा श्वास खेचला जातो, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. २५ अंशांखालच्या पाण्यातही याची सुरुवात होऊ शकते. १५ अंशांखाली जोर फार वाढतो. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. त्यातच चेहरा पाण्यात गेला की हृदयाला ठोके कमी करण्याचा उलट संदेश मिळतो. या ओढाताणीत हृदयाचा ताल बिघडू शकतो. हृदयविकार असलेल्यांनी थंड पाण्यात उडी टाळावी, ती यासाठीच.

पुढच्या काही मिनिटांत हातापायांचं रक्त आत ओढलं जातं, बोटं आखडतात, दोर धरवत नाही. शरीराचं आतलं तापमान धोक्याइतकं उतरायला प्रौढ माणसाला बहुधा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून अचानक पाण्यात पडलात तर धडपडू नका. तोंड वर ठेवून तरंगत राहा. मिनिटभरात, फार तर दोन-तीन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. मग काठ गाठा.

पहिल्या मिनिटातली ही धाप लागण्याची प्रतिक्रिया सरावानं बोथट होते. थोड्या-थोड्या वेळासाठी पाच-सहा वेळा थंड पाण्यात उतरलं, तरी तिचा जोर बराच ओसरतो. जगातल्या सात अवघड सागरी खाड्या पोहून २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ पूर्ण करणारे पुण्याचे रोहन मोरे पहिले आशियाई ठरले. त्यांतल्या आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या नॉर्थ चॅनलचं पाणी १२ ते १४ अंशांचं असतं. अशा पाण्यासाठी शरीर हळूहळू तयार करावं लागतं.

आपल्याकडे कामासाठी बुडी मारणाऱ्यांनीही तेवढीच काळजी घ्यावी. आधी हातपाय, तोंड, छाती भिजवा. सूर मारू नका. बुडीआधी भराभर श्वास घेण्याची सवय सोडा. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड जाणवत नाही आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते. बाहेर आल्यावरही शरीर काही काळ गार होत राहतं. लगेच कोरडे कपडे घाला आणि दारूपासून दूर राहा, कारण ती कातडीतून उष्णता आणखी घालवते. आणि कमरेला दोर बांधून, त्याचं दुसरं टोक धरणारा माणूस काठावर उभा असल्याशिवाय पाण्यात उतरूच नका. मोटर दुपारी ऊन चढल्यावरही काढता येते.