फ्रेंच लोक प्रश्नचिन्हाच्या आधी स्पेस का देतात?

‘बोंजूर !’

फ्रेंच माणसाच्या पोस्टमध्ये हा शब्द बऱ्याचदा असाच दिसतो. आधी शब्द, मग रिकामी जागा आणि मग उद्गारचिन्ह. इंग्रजीची सवय असलेल्यांना वाटतं, टाईप करताना चूक झाली. पण फ्रान्समध्ये हाच नियम आहे.

नियम काय आहे?

इंग्रजीत पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह अशी चिन्हं आधीच्या शब्दाला चिकटून येतात आणि स्पेस त्यांच्यानंतर येते.

फ्रेंचमध्ये मात्र चिन्हांचे दोन गट पडतात. पूर्णविराम आणि स्वल्पविराम ही एकाच तुकड्याची चिन्हं. ती इंग्रजीसारखीच शब्दाला चिकटतात. पण, :! ? या चिन्हांचे दोन तुकडे असतात. त्यांच्या आधीही स्पेस आणि नंतरही. थोडक्यात, चिन्ह दुहेरी तर स्पेसही दुहेरी.

अवतरणचिन्हंही वेगळी. « बोंजूर » असं लिहिताना दोन्ही बाजूंनी आत स्पेस सोडतात.

ही स्पेस साधी नसते

प्रश्नचिन्हाआधी साधी स्पेस दिली आणि नेमकी तिथेच ओळ संपली, तर प्रश्नचिन्ह एकटंच पुढच्या ओळीवर जाऊन पडतं. म्हणून फ्रेंचमध्ये ‘न तुटणारी’ स्पेस वापरतात. ती शब्द आणि चिन्ह यांना एकाच ओळीत बांधून ठेवते. चांगल्या छपाईत ; ! ? यांच्या आधीची स्पेस नेहमीपेक्षा बारीक असते, तर : च्या आधीची पूर्ण रुंदीची.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये भाषा फ्रेंच ठेवली की न तुटणारी स्पेस आपोआप पडते.

इंग्रजीत असं कधीच नव्हतं?

होतं. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक इंग्रजी पुस्तकांतही या चिन्हांआधी बारीक जागा दिसते. पुढे इंग्रजीने ती सोडली, फ्रेंचने टिकवली.

सगळे फ्रेंच भाषिक एकसारखं लिहितात, असंही नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये बारीक स्पेसची सोय नसेल तर ; ! ? शब्दाला चिकटवूनच लिहितात. : च्या आधी मात्र तिथेही स्पेस देतात.

खरा घोळ आकड्यांत

चिन्हाआधीची स्पेस चुकली तर फार तर लिखाण विचित्र दिसेल. आकड्यांत मात्र अर्थच बदलतो. इंग्रजीतला १,२३४.५६ हा आकडा फ्रेंचमध्ये १ २३४,५६ असा लिहितात. हजारासाठी स्पेस आणि दशांशासाठी स्वल्पविराम.

म्हणजे ‘१,५०० किलो’ हे इंग्रजी वाचकासाठी दीड हजार किलो, तर फ्रेंच वाचकासाठी फक्त दीड किलो! मराठीतही हजारासाठी स्वल्पविरामच वापरतात. त्यामुळे फ्रेंच बिल किंवा वेबसाईटवरची किंमत वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

मग लिहायचं कसं?

ज्या भाषेत लिहिता, तिचा नियम पाळायचा. इंग्रजीत चिन्हाआधी स्पेस नको, फ्रान्समधल्या फ्रेंचमध्ये हवी. मराठीतही ‘कुठे आहेस ?’ असं अनेकजण टाईप करतात. तिथे पडते ती साधी स्पेस. मग मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर ‘कुठे आहेस’ एका ओळीत राहतं आणि प्रश्नचिन्ह खालच्या ओळीवर एकटं पडतं. मराठीत चिन्ह शब्दाला चिकटवलं की हा प्रश्नच उरत नाही.