काळ्या मातीवरचं टेनिस

जबलपूरजवळ, नर्मदेच्या खोऱ्यात, गहू-हरभऱ्याला फळणारी काळी माती टेनिसला मात्र मानवत नाही. तिच्यातलं स्मेक्टाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं आणि उन्हात आकसतं. म्हणून पावसाळ्यात चिखल, वैशाखात बोट जाईल एवढ्या भेगा. भेगेच्या काठावर पडलेला चेंडू कुठेही उडेल. कुणी म्हणेल, क्रिकेटची खेळपट्टी काळ्या मातीची चालते, मग इथे अडचण काय? खेळपट्टी जेमतेम 3.05 मीटर रुंद असते. पाणी, रोलर आणि गवताची मुळं यांनी तेवढी माती बांधून ठेवता येते. दुहेरीचं कोर्ट 10.97 मीटर रुंद, शिवाय चहूबाजूंनी धावायला जागा लागते. एवढी जमीन रोज सांभाळणं फार जड जातं.

म्हणूनच मुरूम दाबून वर शेणाने सारवायची आपल्याकडची जुनी रीत मला शास्त्रशुद्ध वाटते. शेणातले गवताचे बारीक तंतू धूळ धरून ठेवतात. ज्यांना हे गावठी वाटतं, त्यांनी पॅरिसचं रोलाँ गारोस पाहावं: तिथला लाल थर म्हणजे विटांचा चुरा, जाडी फार तर 2 मिलिमीटर, खाली चुनखडी. दोन्हीकडे खेळ वरच्या पातळ थरावर चालतो, आणि तो टिकतो खालच्या बैठकीमुळे. सिमेंटचं कोर्ट हा सोपा उपाय, असाही आक्षेप येतो. पण खालची काळी माती खोदून काढली नाही, तर ती सिमेंटलाही तडे पाडते.