भरल्या गाडीचे वजन

मोटारीच्या मागे जोडून न्यावयाच्या आणि मुक्कामाला झोपण्याची व रांधण्याची सोय करणाऱ्या चाकांवरील निवाऱ्याला कॅम्पिंग ट्रेलर म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन नसते, त्यामुळे त्याला ओढणाऱ्या मोटारीपासून त्याचा वेगळा विचार करता येत नाही. हा प्रकार ज्या उत्तर अमेरिकेत रुजला तिथे मोठ्या पिकअप ट्रकखेरीज न हलणारे ट्रेलर पुष्कळ आहेत. परंतु आईवडील आणि एकदोन मुले अशा कुटुंबाच्या दारात बहुधा साधी मोटार उभी असते, आणि तिच्या ताकदीत बसेल असा ट्रेलर निवडणे किंवा बांधणे हा मुख्यतः हिशेबाचा विषय आहे. या हिशेबात विक्रेत्याच्या पत्रकावर छापलेले रिकाम्या ट्रेलरचे वजन सर्वांत ठळक दिसते आणि सर्वांत कमी उपयोगी पडते.

हलक्या ट्रेलरचे दोन जुने घाट आजही प्रमाण मानले जातात. पहिला ‘टीअरड्रॉप’, म्हणजे अश्रूच्या थेंबासारखा, पुढे गोलसर आणि मागे निमुळता होत जाणारा. अमेरिकेत १९३० च्या दशकात तो दिसू लागला, आणि ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या मासिकाने सप्टेंबर १९४७ मध्ये अशा ट्रेलरचे आराखडे छापल्यावर घरच्या घरी तो बांधणाऱ्या हौशी कारागिरांना आयताच नमुना मिळाला. सुमारे ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच हे त्याचे रूढ माप. प्लायवुडचा प्रमाणित तक्ता नेमका ८ फूट लांब व ४ फूट रुंद असल्यामुळे एकेक बाजू एकाच तक्त्यातून, सांधा न देता, कापून निघते, आणि म्हणूनच हे माप टिकून राहिले. आत केवळ अंथरूण असते. स्वयंपाकाचा ओटा मागच्या उचलत्या झाकणाखाली असतो, आणि रांधणारा बाहेर मोकळ्यावर उभा राहतो. माणसाने उभे राहण्याची उंची वगळल्यामुळे भिंतींचे क्षेत्रफळ, वजन आणि वाऱ्याला अडणारे पुढचे तोंड ही तिन्ही एकदम कमी होतात.

दुसरा घाट कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये बाजारात आलेल्या ‘बोलर’ या ट्रेलरचा. त्याचे जनक रे ओलेको यांनी त्याआधी मैलापाण्याच्या टाकीसाठी फायबरग्लासचा, म्हणजे काचेचे तंतू राळेत बसवून साच्यात घडवलेल्या पदार्थाचा, वापर केला होता. त्याच पद्धतीने त्यांनी ट्रेलरचे वरचे व खालचे अशी दोन कवचे साच्यातून काढून मधोमध एकमेकांना जोडली. १३ फुटांच्या या ट्रेलरमध्ये माणूस उभा राहू शकतो, बसण्याच्या मेजाचा रात्री पलंग होतो, आणि पुढच्या बाकाच्या जागी मुलांसाठी वरखाली दोन बिछाने करता येतात. तरीही मूळ नमुन्याचे रिकामे वजन १००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४५० किलोंच्या, आसपासच होते. मिनेसोटा राज्यात तयार होणारा ‘स्कॅम्प’ हा याच वंशातला.

रिकामे वजन पुरेसे का नाही, हे सामान मांडून पाहिले की कळते. रिकामा ४५० किलोंचा ट्रेलर घेतला आणि त्यात ४० लिटर पाणी भरले, तर ४० किलो वाढले. २० पौंड गॅस मावणारे पोलादी सिलिंडर भरल्यावर सुमारे १७ किलोंचे होते. शिसे व आम्ल वापरणारी १०० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ३० किलोंच्या घरात जाते. बर्फाची पेटी, भांडी, शिधा, कपडे, अंथरुणे, घडीच्या खुर्च्या आणि बाजूला लावायचे छत यांना ८० किलो धरले, तरी एकूण आकडा ६०० च्या पुढे जातो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलवरच्या होंडा सीआर-व्हीसारख्या मोटारीची ओढण्याची मर्यादा १५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो आहे. रिकाम्या वजनाकडे पाहता सव्वादोनशे किलोंची सवड दिसत होती. सामान भरल्यावर तिच्यातले जेमतेम ६० किलो उरले. म्हणून निवडीचा क्रम उलटा धरावा लागतो: आधी मोटारीच्या पुस्तिकेतील मर्यादा, तीतून घाटरस्ता व उष्णता यांसाठी राखलेली सूट वजा, मग सामान वजा, आणि जे उरेल तेवढ्या वजनाचा रिकामा ट्रेलर.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कुठे ठेवले आहे याला असते, आणि ही गोष्ट बैलगाडी जुंपणाऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. आसाच्या मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलंडून जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरच्या जोडदांडीचे टोक मोटारीच्या मागील गोळ्यावर बसते, आणि तिथे पडणाऱ्या भाराला दांडीचा भार म्हणता येईल. अमेरिकी पद्धतीत तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे. म्हणजे ६०० किलोंच्या ट्रेलरला ६० ते ९० किलो. तो यापेक्षा फार कमी पडला तर ट्रेलर वेगात असताना लंबकासारखा डावीउजवीकडे झोलू लागतो, एकदा धरलेला झोल वेगाबरोबर वाढत जातो, आणि शेवटी मोटारीलाही खेचून नेऊ शकतो. तो फार जास्त झाला तर मोटारीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड सैल होते. दांडीच्या भारालाही मोटारीने मर्यादा घातलेली असते, शिवाय तो मोटारीत बसलेली माणसे व सामान यांच्या एकूण भारातच मोजला जातो, ही बाब हिशेबातून हमखास निसटते. ट्रेलर बांधणाऱ्याने आस मध्यापेक्षा थोडा मागे घ्यावा, जड बॅटरी व पाण्याची टाकी आसाजवळ आणि खाली बसवावी, आणि टाकी भरलेली व रिकामी अशा दोन्ही स्थितींत दांडीचा भार मोजून पाहावा. टीअरड्रॉपचा ओटा मागच्या टोकाला असल्यामुळे सगळे डबे व भांडी तिथेच साठत जातात, तेव्हा उलाळ होण्याचा धोका त्याच्या घडणीतच आहे.

वजन वाचवण्यासाठी लाकूड पातळ करत जाणे हा उपाय लवकर संपतो, कारण पातळ तक्ता वाकतो. ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तक्ता ३० किलोंच्या आसपास भरतो आणि ६ मिलिमीटरचा त्याच्या सुमारे एकतृतीयांश. परंतु असे दोन पातळ तक्ते घेऊन त्यांच्यामध्ये उष्णतारोधक फोमचा थर डिंकाने पक्का बसवला, तर एकजीव झालेली ही भिंत जाड तक्त्याइतकी ताठ राहते आणि आतली ऊबही टिकवते. वाकताना ताण बाहेरच्या पृष्ठांवर येतो आणि मधला भाग त्यांना केवळ एकमेकांपासून दूर धरतो, हे त्यामागचे तत्त्व. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा लावतात, किंवा काटकसरीचा मार्ग म्हणून जाड सुती कापड डिंकाने चिकटवून त्यावर रंगाचे थर देतात. सांगाडा, आस आणि चाके मात्र तयार संचातून घेणे नवख्याला हिताचे ठरते, कारण भिंतीचा सांधा चुकला तर पाणी गळते. आसाचे वेल्डिंग चुकले तर चाक सुटते. ब्रेकचे नियम जागेनुसार बदलतात: युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भरलेले वजन ७५० किलोंपर्यंतच चालते, तर अमेरिकेत अनेक राज्ये ३००० पौंडांपासून ब्रेकची सक्ती करतात; मात्र मोटार उत्पादकाने घातलेली अट याहून कडक असेल तर तीच पाळावी लागते.

कुटुंबाच्या दृष्टीने खरी अडचण झोपण्याच्या जागेची. ४ फूट रुंदीत दोन माणसे दाटीने झोपतात; ५ फूट रुंदीत शेजारी लहान मूल मावते, पण मूल वाढते आणि ट्रेलर वाढत नाही. काही बांधणारे मोठ्यांच्या पायांवर आडवी फळी टाकून मुलाचा बिछाना करतात, तर काही दाराशी जोडता येणारा तंबू बरोबर ठेवतात, आणि वजनाच्या दृष्टीने हा दुसरा उपाय स्वस्त पडतो. दोन मुले असतील व पावसाळी प्रदेशात मुक्काम ठरलेला असेल, तर फायबरग्लासचे कवच जास्त किमतीतही परवडते. दार बंद केलेल्या चिमुकल्या खोलीत श्वासातील बाष्प रात्रभर थंड भिंतीवर जमते, म्हणून एक झरोका खाली व एक छताला, असे दोन्ही उघडे राहावे लागतात. ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू गंधहीन व प्राणघातक असल्यामुळे आत शेगडी पेटवू नये आणि सूचक घंटा अवश्य बसवावी.

जुना ट्रेलर घेणाऱ्याने रंगापेक्षा कोपरे पाहावेत. जमीन कोपऱ्यांत पायाखाली दबत असेल किंवा बंद कपाटातून कुबट वास येत असेल, तर लाकूड आतून कुजले आहे असे समजावे. साच्यातून काढलेल्या कवचाला सांधे कमी असल्यामुळे त्याची किंमत वर्षानुवर्षे का टिकते, हेही इथेच कळते. टायरवर निर्मितीचा चार अंकी आकडा कोरलेला असतो: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. वर्षातील बहुतेक दिवस उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, तेव्हा वरची नक्षी ताजी दिसली तरी हा आकडा वाचल्याशिवाय व्यवहार करू नये.

हे सर्व झाल्यावरही एक काम उरते, आणि ते पहिल्या लांबच्या प्रवासाआधी करायचे असते. सगळे सामान, भरलेली टाकी आणि गॅस यांसह ट्रेलर ट्रकांच्या वजनकाट्यावर नेला, की कागदावरचा हिशेब आणि लोखंडी काटा यांत बहुधा फरक निघतो, आणि तो काट्याच्याच बाजूने सोडवावा लागतो. घरी परतल्यावर कुटुंब दुसरा तवा, चौथी खुर्ची आणि मुक्कामी मिळणारे पाणी उतरवून ठेवते. तोवर केवळ पत्रकावर हलका असलेला ट्रेलर त्या दिवशी खरोखर हलका होतो.