रणगाडा कुणी रंगवला?

१९३९च्या सप्टेंबरात पोलंडमध्ये शिरलेले जर्मन रणगाडे नुसते गडद करड्या रंगाचे होते, असं जगभरचे मॉडेलकार कितीतरी वर्षं धरून चालले होते. पुस्तकांतले फोटो तेच सांगायचे, किटच्या खोक्यावरचं चित्रही तेच. पुढे थॉमस येन्ट्झ आणि हिलरी डॉईल या अभ्यासकांनी जर्मन सैन्याचे मूळ आदेश धुंडाळले, तेव्हा उलगडा झाला. १९४०च्या उन्हाळ्यापर्यंत नियम वेगळाच होता: दोन भाग गडद करडा आणि एक भाग गडद तपकिरी. दोन्ही रंग इतके काळपट, की कृष्णधवल फिल्मवर ते एकमेकांत मिसळून गेले आणि पाहणाऱ्यांना एकच रंग दिसत राहिला.

हा किस्सा मी नव्या मॉडेलकारांना मुद्दाम सांगतो. प्लास्टिकचा रणगाडा जोडून झाला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठल्या नंबरचा रंग घेऊ?’ नंबर महत्त्वाचा आहेच. पण त्याआधी विचारायचं ते हे, की खऱ्या रणगाड्यावर हा रंग कुणी लावला, कशाने लावला आणि त्याला किती वेळ मिळाला होता? कारखान्यातल्या कामगाराने, की चिखलात उभ्या असलेल्या चालकाने? फवाऱ्याने, ब्रशने, की झाडूने? कॅमोफ्लाज खरं वाटतं ते या उत्तरांमुळे. रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झाली तर चालून जातं, पण फवाऱ्याच्या जागी ब्रशची कड दिसली की जाणत्याची नजर तिथेच अडते.

युद्धात लपण्यासाठी रंग वापरण्याचं पद्धतशीर काम सुरू झालं ते पहिल्या महायुद्धात, आणि ते केलं चित्रकारांनी. १९१५मध्ये फ्रेंच सैन्याने ल्युसियाँ-व्हिक्टर गिराँ द सेव्होला या चित्रकाराच्या हाताखाली कॅमोफ्लाजचं खास पथक उभारलं. आंद्रे मार यांच्यासारखे क्युबिस्ट त्यात होते. पलीकडे जर्मन बाजूला फ्रान्झ मार्क तोफा झाकण्याच्या ताडपत्र्या रंगवत होता. १९१६मध्ये तो व्हर्दंच्या लढाईत मारला गेला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा विषय प्राणिशास्त्रज्ञांच्याही हातात आला होता. ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाचा प्राण्यांच्या रंगांवरचा मोठा ग्रंथ १९४०मध्ये निघाला आणि ब्रिटिश सैन्याने त्याचा सल्लाही घेतला. त्याचं मुख्य सांगणं दोन गोष्टींभोवती फिरतं. पहिली, आकार तोडणं: ठळक पट्टे वस्तूच्या कडा ओलांडून गेले, की डोळ्याला ती वस्तू अखंड दिसत नाही. दुसरी, सावली पुसणं: वरचा भाग गडद आणि खालचा फिका ठेवला, की उजेडामुळे येणारा गोलवा सपाट होतो. हरणाचं पोट पांढरं असतं ते याच हिशेबाने.

दुसऱ्या गोष्टीचा मला सर्वांत आवडणारा दाखला म्हणजे शर्मन फायरफ्लाय. नेहमीच्या शर्मन रणगाड्यावर ब्रिटिशांनी आपली लांबलचक १७ पाउंडर तोफ बसवली. तिच्या लांबीमुळे हा रणगाडा चारचौघांत उठून दिसायचा, आणि जर्मन तोफची आधी त्यालाच टिपायचे. म्हणून कित्येक फायरफ्लायच्या नळीच्या पुढच्या भागाला खालून पांढरा किंवा फिका रंग देत, आणि वरच्या हिरव्याशी त्याची हद्द नागमोडी ठेवत. लांबून पाहणाऱ्याला नळी अर्ध्यावरच संपल्यासारखी वाटावी, हा उद्देश. फायरफ्लायचं मॉडेल करणाऱ्याने ही लाट सावकाश, ब्रशने काढावी. इथे एअरब्रशचा धूसरपणा आला तर युक्तीची सगळी मजा जाते.

आता जर्मन पँथरकडे येऊ, कारण मॉडेलकारांचा सर्वाधिक रंग याच रणगाड्यावर खर्च होत असावा. फेब्रुवारी १९४३च्या आदेशाने जर्मन वाहनांचा मूळ रंग गडद करड्याचा गडद पिवळा झाला. कारखान्यातून रणगाडा पिवळाच निघायचा. त्यावर मारायचे ऑलिव्ह हिरवा आणि तांबूस तपकिरी हे दोन रंग पेस्टच्या रूपात डब्यांतून तुकड्यांकडे जात, आणि पट्टे कसे मारायचे ते तिथली माणसं ठरवत. पेस्ट पातळ करायला पेट्रोल मिळालं तर पेट्रोल, नाहीतर पाणी. पाण्यातला रंग पावसाने निघून जायचा, पेट्रोलमधला टिकायचा. फवारणीचं यंत्र हाताशी असेल तर पट्ट्यांच्या कडा धूसर. नसेल तर ब्रश, चिंधी, जे सापडेल ते. म्हणूनच एकाच तुकडीतले दोन पँथर एकसारखे नसतात.

अशा रणगाड्याचा बुरूज रंगवताना मी त्या फवारणी करणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर उभा करतो. तो जमिनीवर उभा आहे किंवा इंजिनाच्या झाकणावर चढला आहे. त्याचा हात खांद्यापासून फिरतो, म्हणून पट्ट्याला किंचित कमानीचा आकार येतो. चाकांच्या मागे त्याचा हात पोचत नाही, तिथे पिवळाच राहतो. अवजारं काढण्याची तसदी त्याने घेतली नसेल, तर कुदळीच्या दांड्यावरही हिरव्याचा शिंतोडा येणार. फवारणीच्या वेळी तोफ बहुधा समोर असेल, म्हणून धडावरचा पट्टा बुरुजावर सरळ चढत जातो. मीही बुरूज समोर ठेवूनच रंगवतो. नंतर मांडताना तो थोडा वळवला की पट्टे तुटतात आणि रणगाडा एकदम कामावर असल्यासारखा दिसतो. बाजूला टांगलेले पातळ पत्रे लढाईत सहज गळून पडत. एखादा पत्रा गायब दाखवायचा असेल, तर त्यामागचं धड कोरं पिवळं ठेवायला विसरू नये. आणि एखादा पत्रा दुसऱ्या रणगाड्याचा आणून लावलेला दाखवला, तर त्यावरचा पट्टा शेजारच्या पट्ट्याशी जुळता कामा नये.

इथे प्रमाणाचा हिशेब मांडावा लागतो. १/३५ हे आज लष्करी मॉडेलांचं सर्वांत रुळलेलं प्रमाण. ते आलं कुठून, तर जपानच्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीच्या पहिल्या पँथरमधून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेल्या त्या किटमध्ये मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या, म्हणून तेवढा आकार धरला गेला आणि पुढे सगळ्या जगाने तो उचलला. पँथरचं नळी सोडून धड ६.८७ मीटरचं, मॉडेलमध्ये ते साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आसपास येतं. खऱ्या पट्ट्याची धूसर कड सात सेंटिमीटर रुंद धरली, तर मॉडेलवर तिला फक्त दोन मिलिमीटर जागा आहे. नवख्या हाताचा फवारा सहज आठ-दहा मिलिमीटर पसरतो, म्हणजे खऱ्या रणगाड्यावर जवळजवळ एक फूट धुकं! मॉडेल खेळण्यासारखं दिसण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

उपाय हाताशी आहेत. ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर नोझलचा, हवा आणि रंग वेगवेगळे आवरता येणारा डबल ॲक्शन एअरब्रश हवा. रंग दुधाइतका पातळ करावा, त्याहून किंचित पातळ झाला तरी हरकत नाही. दाब १५ पीएसआयच्या खाली आणावा आणि नोझल पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरावं. इतक्या जवळून मारताना रंग जास्त सुटला, की ओघळ येऊन त्याला फाटे फुटतात. म्हणून ट्रिगर केसभरच मागे ओढायचा आणि हात थांबू द्यायचा नाही. ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावर वाळतो आणि मग एकदम थुंकतो. दर काही मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या इअरबडने टोक पुसण्याची सवय लावून घ्यावी. पट्टा आधी बारीक रेषेने आखून मग आतून भरावा. शेवटी मूळ पिवळ्याने कडा पुन्हा आत ढकलाव्यात. हे शेवटचं काम कंटाळवाणं असतं, पण पट्ट्याला नेमकेपणा त्यानेच येतो.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये काँप्रेसर चालवला, की दाबलेल्या हवेतलं पाणी नळीत साचतं आणि ऐन पट्ट्यावर थेंब उडतो. काँप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, शक्य असेल तर एअरब्रशच्या खाली आणखी एक छोटा. लॅकर रंग दमट हवेत पांढुरके पडतात. ते काम सरळ दिवाळीनंतर काढावं.

सगळंच कॅमोफ्लाज धूसर कडांचं नसतं. ऑगस्ट १९४४पासून जर्मनांनी पट्टे मारण्याचं काम कारखान्यांकडे दिलं, तेव्हा ‘दबा धरण्याची’ नवी रचना आली: हिरव्या-तपकिरी पट्ट्यांवर पिवळे ठिपके आणि पिवळ्यावर गडद ठिपके, पानांतून पडणाऱ्या कवडशांचा भास व्हावा म्हणून. हे ठिपके ब्रशनेच द्यावेत, आणि अंतर मोजून देऊ नयेत. ब्रिटिशांनी इजिप्त-लिबियात १९४०-४१मध्ये वापरलेली काउंटर पद्धत तर सरळसोट रेषांची: फिक्या वाळूच्या रंगावर धारदार तिरपे पट्टे, आणि तेही ठरवून दिलेल्या आराखड्याप्रमाणे. तिथे मास्किंग टेपला पर्याय नाही. या पट्ट्यांतला एक रंग मॉडेलकार वर्षानुवर्षं चक्क आकाशी निळा देत आले. नंतरच्या अभ्यासाने तो हिरवट झाक असलेला ‘सिल्व्हर ग्रे’ निघाला. शीतयुद्धाच्या काळात बर्लिनमधल्या ब्रिटिश चीफ्टन रणगाड्यांवर पांढरे, करडे आणि तपकिरी चौकोनी ठोकळे होते. भिंती, खिडक्या आणि रस्ते यांच्या शहरात लपायचं, तर पानाफुलांचे आकार काय कामाचे? हा रणगाडा रंगवताना टेप कापण्यातच बहुतेक वेळ जातो. कड अगदी धारदारही नको आणि फार धूसरही नको असेल, तर ब्लू टॅकच्या बारीक वळ्या करून पट्ट्याच्या हद्दीवर चिकटवाव्यात आणि वरून काटकोनात फवारावं. तिरपं फवारलं, तर रंग वळीखाली शिरतो.

हिवाळ्याचा पांढरा रंग हा माझ्या मते सगळ्यांत सुंदर विषय. रशियन आघाडीवर बर्फ पडला की दोन्ही बाजू रणगाड्यांना चुन्याचा किंवा खडूचा हात देत. तो तात्पुरताच असायचा, वसंतात धुऊन टाकण्यासाठी. सैनिकांचे बूट, कोपर आणि झाकणांची उघडझाप यांनी तो आधीच झिजायचा. मॉडेलवर हे साधायला सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातला साधा हेअरस्प्रे पुरतो. खालचा हिरवा रंग पूर्ण वाळू द्यावा, त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ थर, आणि वर ॲक्रिलिक पांढऱ्याचा विरळ, मुद्दाम असमान फवारा. अर्ध्या तासाच्या आत ओल्या ब्रशने हलकं घासलं की पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो आणि पांढरा सुटू लागतो. घासायचं ते जिथे माणूस चढतो तिथे: पुढच्या उतारावर, झाकणांभोवती, मडगार्डवर. तोफेच्या पाळण्याखाली, जिथे कुणी हात लावत नाही, तिथे पांढरा जसाच्या तसा राहू द्यावा.

रंगाच्या छटेबद्दल एक व्यावहारिक बाब. मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो. तीस सेंटिमीटरवरून पाहिलेला १/३५चा रणगाडा म्हणजे साडेदहा मीटरवरून पाहिलेला खरा रणगाडा. मधल्या हवेने आणि उजेडाने रंग थोडा फिका दिसतो, आणि छोट्या पृष्ठभागावर तोच रंग आणखी गडद वाटतो. म्हणून बाटलीतल्या रंगात थोडा फिका पिवळसर रंग मिसळावा. निव्वळ पांढरा मिसळला, तर तांबूस तपकिरी गुलाबी होतो. तीन रंग एकमेकांवर ओरडत असतील, तर खूप पातळ केलेल्या ऑइल रंगाचा एक फिल्टर सगळ्यांवरून फिरवावा, ते एका घरचे दिसू लागतात.

गेल्या काही वर्षांत प्रत्येक पत्र्याला वेगळी छटा देण्याची, कडा उजळ करण्याची आणि जागोजागी रंग उडालेला दाखवण्याची लाट आली. त्यातले काही नमुने चित्र म्हणून देखणे आहेत, पण पट्टे तोडून आकार लपवणं हे कॅमोफ्लाजचं काम, आणि हे उजेडाचे खेळ नेमके तेच आकार पुन्हा उठावदार करतात. शिवाय १९४४-४५मध्ये आघाडीवर पोचलेल्या कित्येक रणगाड्यांचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं होतं. त्यांना गंज चढायला वेळ कुठे मिळाला? चढायची ती धूळ. खालच्या निम्म्या भागावर पट्टे धुळीखाली जवळजवळ नाहीसे व्हायला हवेत. इतक्या मेहनतीने मारलेले पट्टे पिगमेंटखाली घालवणं जिवावर येतं, पण तिथेच हात आखडला की रणगाडा शोरूममधला दिसतो.

महाराष्ट्रातल्या माणसाला रणगाडे जवळून पाहायचे, तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठावं. शर्मन, सेंच्युरियन, विजयंता, १९६५च्या युद्धातला पॅटन, सगळे तिथे एका आवारात आहेत. रंगासाठी मात्र कुठल्याही संग्रहालयावर विसंबू नये, कारण उघड्यावरची वाहनं पुनःपुन्हा रंगवली जातात. तिथे पाहायचं ते आकारमान, वेल्डिंगच्या जाड शिवणी, ओतीव पोलादाचा खडबडीतपणा, आणि माणूस वर चढताना पाय कुठे ठेवेल ते. मी तर रणगाड्यापाशी उभं राहून हात लांब करून बघा असंच सांगतो. आपला हात बुरुजाच्या माथ्यावर पोचतो का, हे एकदा अंगाने कळलं, की पट्टा कुठे संपवायचा हे ठरवायला पुस्तक लागत नाही.

पहिलं मॉडेल म्हणून मी तीन रंगांचा पँथर सुचवणार नाही. १/३५मधला सोव्हिएत टी-३४ घ्यावा. एक हिरवा, वर हेअरस्प्रे आणि पांढरा, खाली चिखल. किट सहज मिळतं, भाग थोडे, चुका धुऊन निघतात. झिजण्याच्या जागा शोधताना तो पांढरा लावणारा आणि त्यावरून रोज चढउतार करणारा माणूस आपोआप डोळ्यांपुढे येऊ लागतो. त्यानंतर दुसरा रणगाडा काउंटर पद्धतीचा करावा, म्हणजे टेपवर हात बसतो. धूसर पट्ट्यांचा पँथर तिसरा.