कातड्याची आतली बाजू

भिंतीवरचे हरणाचे शीर्ष जिवंत वाटते की ओशाळे, याचा निकाल कातड्याच्या आतल्या बाजूला लागतो. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची हंगामी, परवान्याने शिकार चालते. तिथल्या टॅक्सीडर्मीच्या, म्हणजे कातडे साच्यावर चढवून प्राणी जतन करण्याच्या, कार्यशाळांत हे हरीण सतत येते, आणि बिघडलेले कातडे बहुधा पहिल्या काही तासांतच बिघडलेले असते.

सुरी गळ्यावर कधीच चालवायची नाही, कारण समोरून दिसणारी तीच बाजू. खांद्यांच्या बऱ्याच मागे गोल छेद घ्यायचा, मग मानेच्या वरच्या कडेने शिंगांपर्यंत जायचे. खरी कसोटी चेहऱ्यावर. ओठांची जाड कड आतून चिरून उलगडायची, पापण्या आणि नाकपुड्या पातळ करायच्या, कान टोकापर्यंत उलटे करून कूर्चा मोकळी करायची. मांसाचा कण राहिला, तर तिथे मीठ पोचत नाही; जिवाणू केसांची मुळे सैल करतात आणि झुबकेच्या झुबके हातात येतात. गेलेले केस कोणतेही रसायन परत आणत नाही.

म्हणून बारीक मीठ सढळ हाताने, प्रत्येक घडीत चोळायचे. कातडे उतारावर ठेवून पाणी निथळू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ओले मीठ झटकून ताजे लावायचे. मिठाने कातडे टिकते, कमावले जात नाही. त्यासाठी ते पुन्हा भिजवून आम्लाच्या द्रावणात ठेवतात. तिथे ते फुगते, मग तासून एकसारखे पातळ करता येते. पुढे खाण्याच्या सोड्याने आम्ल उतरवायचे, तुरटीने किंवा कृत्रिम रसायनाने कमवायचे आणि तेल द्यायचे.

एवढे झाल्यावरच साच्याची पाळी. पूर्वीच्या पेंढ्याला टॅक्सीडर्मीकार कार्ल एकेली यांनी सशक्त पर्याय दिला: आधी मातीत स्नायू घडवायचे, त्यावरून हलका पोकळ साचा काढायचा. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली चार ऋतूंतली हरणे ही त्यांचीच किमया. आज पॉलीयुरेथेनचे तयार साचे मिळतात. तरी मानेचा घेर आणि डोळ्यापासून नाकापर्यंतचे अंतर प्राण्यावरच मोजून ठेवावे लागते, नाहीतर कातडे ओढले जाते किंवा सुरकुतते. जुन्या शीर्षांना उघड्या हाताने शिवू नये. कीड लागू नये म्हणून त्या काळी कातड्याला आर्सेनिक चोळत.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपवला, कौशल्याची गरज मात्र संपली नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील टॅक्सीडर्मी केंद्रात मेलेल्या वन्यप्राण्यांची कातडी याच शिस्तीने जतन होतात. शाळेतल्या मुलाला बिबट्याची मिशी हातभर अंतरावरून पाहता यावी, यासाठी ही कला शिकवली आणि सांभाळली पाहिजे. तिचा पाया मात्र तोच: वेळेवर खरवडलेले कातडे आणि हात न आखडता लावलेले मीठ.