हजेरी : शाळेतली आणि ‘फकिरा’तली

सकाळी शाळा भरते. गुरुजी हजेरीपट उघडून नावे पुकारतात आणि मूल उभे राहून ‘हजर’ म्हणते. शहापूर असो वा मुरबाड, जिल्हा परिषदेची शाळा असो वा आश्रमशाळा, दिवसाची सुरुवात याच शब्दाने होते. पण याच हजेरीने एके काळी आपल्या माणसांचे जगणे हराम केले होते, हे त्या मुलाला कोण सांगणार? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जातीच्या जातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. माणसाने चोरी केली की नाही, हा प्रश्नच नव्हता. ‘मी पळालो नाही’ हे त्याने हजेरी देऊन सिद्ध करायचे! हा कायदा जाण्यासाठी १९५२ साल उजाडावे लागले.

ही हजेरी अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त आहे. १९५९ साली आलेली ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने ती लिहिली, हे विसरून चालणार नाही. आज आपली मुले बारा-बारा वर्षे शाळेत जातात, पण एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली किती मुले सापडतील? एखादा उतारा वाट्याला आला, तर त्याखाली ‘स्वभावचित्र लिहा’ असा प्रश्न असतो आणि उत्तर गाईडमध्ये तयार असते. कादंबरी तिथेच मरते.

ती जिवंत करायची असेल तर मुलांना काही करायला दिले पाहिजे. सातवी-आठवीपासूनच्या मुलांना हे सहज जमेल. त्याला पैसा लागत नाही. बौद्धवाडीतले विहार वर्षातले कितीतरी दिवस कुलुपात असते. संध्याकाळी ते उघडावे. शेजारच्या ठाकरवाडीतली, कातकरीवाडीतली मुलेही बोलवावीत. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. रोज एवढेच वाचावे की उद्या पुढे काय होणार, याची ओढ राहील. ‘यातून काय बोध घेतला?’ हा प्रश्न मात्र चुकूनही विचारू नये.

गावाच्या इभ्रतीसाठी शेजारच्या गावातून जोगणी आणताना राणोजी, म्हणजे फकिराचा बाप, मारला जातो. तो भाग वाचून झाला की मुलांनी जमिनीवर खडूने नकाशा काढावा : दोन गावे, वाट आणि मधली शीव. मग आपल्या गावाची शीव काढावी. गाव कुठे, बौद्धवाडी कुठे, कातकरीवाडी कुठे आणि पाणी कुठे? शहापुरातली मुले भातसा, तानसा काढतील. धरण आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यावर टँकर, हे त्यांना कुणी शिकवावे लागणार नाही.

दुष्काळाचे प्रकरण आले की मुलांनी घरी जाऊन आजीला विचारावे : ‘आजे, दाणे संपले की तुम्ही काय खायचात? कडूकंदाचा कडूपणा कसा काढायचात?’ दुसऱ्या दिवशी ते आपापल्या बोलीत सांगावे. पुस्तकी मराठीत गप्प बसणारे कातकऱ्याचे पोर इथे सर्वांत पुढे असेल, कारण भुकेचे शास्त्र त्याच्या घरात आहे.

मग खटला भरवावा. उपाशी माणसांसाठी फकिराने धान्य लुटले. तो गुन्हेगार आहे काय? अर्धी मुले सरकारच्या बाजूने, अर्धी फकिराच्या बाजूने. निकाल गुरुजींनी द्यायचा नाही, मुलांनीच द्यायचा. सरकारची बाजू मांडणाऱ्यांनाही जीव तोडून भांडू द्यावे. विचार करायला मुले अशीच शिकतात.

मुरबाडकरांना तर लांब जायला नको. सिद्धगड त्यांच्याच तालुक्यात आहे. २ जानेवारी १९४३ रोजी तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीला बळी पडले. नाभिक समाजात जन्मलेल्या, वकील झालेल्या या माणसाने शेतकऱ्याला सावकाराचे दार धरावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या होत्या. फकिराने धान्य लुटून वाटले, कोतवालांनी साठवून वाटले. दोघांची गाठ पडली असती तर काय बोलले असते? मुलांनी तो संवाद लिहावा आणि करून दाखवावा.

शेवटी ती हजेरी. एका मुलाने चावडीवरचा अंमलदार व्हावे, बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे. नाव पुकारले की ‘हजर’. मग त्यांना एवढेच विचारावे : शाळेतली हजेरी आणि ही हजेरी यांत फरक काय? उत्तराची घाई करू नये.

या साऱ्याला मुहूर्त एकच, १ ऑगस्ट. अण्णाभाऊंच्या जयंतीला आपण हार घालतो, मिरवणूक काढतो, डीजे लावतो. त्याच संध्याकाळी पहिले पान वाचावे आणि दिवाळीच्या आत शेवटचे. कारण दिवाळी झाली की मालकाची उचल फेडण्यासाठी कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरेही त्यांच्याबरोबर जातात. कादंबरी लांबली, तर ज्याला ती सर्वांत जवळची, तेच मूल शेवट न ऐकता निघून जाईल.

ते गेल्यावर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडत राहतो. दोष कुणाचा, हे हजेरीपट सांगत नाही. पण ज्या मुलाने ‘फकिरा’ ऐकला, त्याचा खटला लढवला, ते मूल एक दिवस उभे राहून विचारील : माझी हजेरी कोण घेतो आणि कशासाठी? हा प्रश्न त्याच्या तोंडी यावा, असे वाटणाऱ्या कार्यकर्त्याने यंदा विहाराची किल्ली हातात घ्यावी.